राजधानीचा पत्ता

संध्याकाळी वाशीमच्या पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची मला जुनी सवय आहे. फार काही पाहायला जातो असं नाही. पाणी असलं तर पाणी, नसलं तर तळाशी राहिलेली हिरवट ओल, दगडांच्या सांध्यातून वर आलेलं पिंपळाचं एखादं रोप, दिवसभर तापलेल्या चिऱ्यांची ऊब. तिथंच मागच्या पावसाळ्यात पुतण्याचा फोन आला. नोकरीच्या गावी जाऊन त्याला चारच दिवस झाले होते.

"काका, मी घ-चारले उभा आहो."

"कुठं?"

"घ-चारले. घराचा घ. त्याच्यावर चार."

मागून गाड्यांचा आवाज आला आणि फोन तुटला. मी आपला त्या घ-चारचा विचार करत बसलो. माणूस पारापाशी उभा राहतो, पानठेल्यापाशी उभा राहतो, फाट्यावर उभा राहतो. अक्षरावर कसा उभा राहील?

पुतण्या गांधीनगरात राहतो. गुजरातच्या या राजधानीत एका दिशेनं जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांना अक्षरांची नावं आहेत आणि त्यांना छेदणारे रस्ते आकड्यांचे आहेत. क, ख, ग, घ, च, छ, ज. अक्षर आणि आकडा जिथं भेटतात तो चौक म्हणजे ग-दोन, घ-चार, च-पाच. नीट पाहिलं तर घ नंतर एकदम च येतो. ङ गाळलेला आहे. आमच्या लहानपणीच्या अंकलिपीतही त्याची हीच गत होती. कमळ, खटारा, गणपती, घर अशी चित्रं ओळीनं यायची आणि पाचव्या चौकटीत नुसतं अक्षर, खाली काही नाही. त्या बिचाऱ्यानं सुरू होणारा शब्दच नाही, तर चित्र कशाचं काढणार? आख्खी राजधानी कागदावर आखायला बसलेल्या माणसांनीही त्याला रस्ता दिला नाही. मला उगीचच त्याची दया आली.

पौषात मी पुतण्याकडं जाऊन आलो. अहमदाबादच्या गर्दीतून बाहेर पडून पंचवीसेक किलोमीटर उत्तरेला गेलं की रस्ता अचानक रुंद होतो, आवाज कमी होतो आणि दोन्ही बाजूंना कडुनिंब लागतात. तीस सेक्टर. एकेक सेक्टर साधारण किलोमीटरभर लांब आणि पाऊण किलोमीटर रुंद. कर्मचाऱ्यांची घरं, शाळा, दवाखाना, दुकानांची ओळ, पुन्हा घरं. दुपारी दोन वाजता मी एका रस्त्याच्या कडेनं चालत होतो, तर मैलभरात मला एक माळी आणि दोन शाळकरी पोरी एवढीच माणसं दिसली. झाडांची सावली मात्र इतकी की आमच्याकडच्या माणसाला हेवा वाटावा. मार्च लागला की आमच्या पाटणी चौकात सावलीला जागा सापडत नाही.

पुतण्यानं नकाशा मोबाइलवर पाठवला होता, तरी मी सवयीनं लोकांना पत्ता विचारत गेलो. आपल्याकडं पत्ता विचारणं म्हणजे दोन मिनिटांचं बोलणं असतं. कोणाकडं जायचं, ते कोण, त्यांचा मोठा पोरगा की धाकटा, मग हात उंचावून दिशा. तिथं सगळ्यांनी मला दोन शब्दांत वाटेला लावलं. अक्षर, आकडा, धन्यवाद. चुकलो एकदाही नाही. घरी पोचल्यावर मात्र काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं, तेही खरं.

आमच्या वाशीमचे पत्ते कसे असतात ते सांगतो. देवपेठ, शुक्रवार पेठ हे आतले. गावाच्या कडेला आलो की अकोला नाका, पुसद नाका, हिंगोली नाका. म्हणजे गावाची प्रत्येक कड दुसऱ्या कुठल्यातरी गावाच्या नावानं ओळखली जाते. हिंगोली नाक्यावर राहणारा माणूस वाशीमचाच असतो, जन्मात हिंगोलीला गेलेला नसेलही, पण त्याच्या पत्त्यात हिंगोली कायमची येऊन बसलेली. मी कधीतरी गमतीनं म्हणतो, आमच्या गावाला स्वतःचा पत्ताच नाही, दुसऱ्यांकडं जायच्या वाटा तेवढ्या आहेत. आणि हे अशा गावाबद्दल, जे एकेकाळी स्वतःच राजधानी होतं.

सोळाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी, नाव वत्सगुल्म. गुल्म म्हणजे झुडपांची जाळी. वत्स नावाच्या ऋषीच्या तपासाठी देव इथं गोळा झाले अशी कथा आहे, आणि वत्सगुल्म माहात्म्यात तर एकशेआठ तीर्थं मोजलेली आहेत. पद्मतीर्थ त्यातलंच. या शाखेचा मूळ राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्यानं प्राकृतात 'हरिविजय' लिहिलं. ते काव्य आज हाती नाही, दुसऱ्यांनी उद्धृत केल्यामुळं आणि वाखाणल्यामुळं तेवढं ठाऊक आहे. त्याच वंशातला पुढचा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं, तिथं त्याचा लेख आहे. पुढं राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते विदर्भातल्या याच नगरात. शब्द आणि अर्थाचं लग्न म्हणा हवं तर. लग्न वाशीमला लागलं हे आमच्या गावात किती जणांना माहीत असेल कोण जाणे. मंगल कार्यालयं मात्र पुष्कळ झाली आहेत.

वत्सगुल्माचं प्राकृतात वच्छोम झालं, त्याचं बाशीम आणि बाशीमचं वाशीम. जोडाक्षरं एकेक करून गळत गेली. ल्म गेला, त्स गेला. राजा गेला की जोडाक्षर सांभाळायला कोण बसतं! शेतातून येणाऱ्या, बैलाला हाकारणाऱ्या माणसाच्या तोंडात जे मावेल तेच राहतं. घ-चारची अशी झीज कशी होणार, हे मला गांधीनगरात फिरताना सुचत होतं. आधीच एवढं छोटं आहे. झिजायला त्यात काही नाही.

त्या शहराचा आणि आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. १ मे १९६० ला द्वैभाषिक मुंबई राज्याचे दोन भाग झाले. मुंबई आपल्याकडं राहिली. हुतात्मा चौकात ज्यांच्या नावानं आपण हात जोडतो, त्यांच्या रक्तानं राहिली. पलीकडं गुजरात राज्य झालं, पण राजधानी अशी काही नव्हती. अहमदाबादेत तात्पुरता कारभार सुरू झाला आणि साबरमतीच्या काठावर नवं शहर आखायला घेतलं. वास्तुकार लुई कान यांचं नाव त्यासाठी पुढं आलं होतं. शेवटी काम एतद्देशीयांकडं आलं: चंडीगडला ल कॉर्बुझिएच्या हाताखाली तयार झालेले एच. के. मेवाडा आणि त्यांच्यासोबत नगररचनाकार प्रकाश आपटे. गुजरातच्या राजधानीच्या आखणीत हे आपटे नाव वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, आणि हसूही आलं. मुंबई आपण ठेवून घेतली आणि बदल्यात एक आपटे दिले! १९७० मध्ये तिथं सचिवालय हललं.

गंमत अशी की त्याच सुमारास आपल्याकडंही एक राजधानी कागदावर हलली होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ मध्ये मांडलं, की मुंबई दक्षिणोत्तर लांबतच जाणार असेल तर तिला खाडीपलीकडं पूर्वेला जागा द्या, नवं शहर वसवा आणि सरकारनं आपला कारभार तिकडं न्यावा. सरकार गेलं की बाकीचे आपोआप मागे जातील, असा तो सरळ हिशेब. शहर वसलं, १९७० मध्ये त्यासाठी सिडको झाली, सेक्टर पडले, नोड झाले. कारभार काही गेला नाही. इकडं नरीमन पॉइंटला समुद्रात भराव पडत होता, उंच इमारती उठत होत्या. बेलापूरला कोकण भवन आलं, मंत्रालय जिथल्या तिथं राहिलं. नवी मुंबईच्या रुंद रस्त्यांवरून जाताना मला ती नेहमी हळद लागलेल्या, पण वरात न आलेल्या मुलीसारखी वाटते. अर्थात तिचं त्यावाचून अडलं नाही, संसार तिनं दुसऱ्याच कोणाशी थाटला.

नवी मुंबईतल्या वाशीनं आमची मात्र पंचाईत केली आहे. मुंबईत कुणी विचारलं, कुठले? वाशीम. म्हणजे वाशी, नवी मुंबई? नाही हो, वाशीम, म वर जोर. अच्छा, वसमत? नाही. मग अकोल्याच्या पुढं, हिंगोलीच्या अलीकडं, असं सांगावं लागतं. पुन्हा तेच दोन नाके.

आमचं गाव जागेवरून हललेलं नाही, राजधानीच फिरत राहिली. वत्सगुल्माच्या नंतर तिनं किती घरं बदलली! यादवांच्या वेळी देवगिरी, मग बीदर, मग इमादशाहीत अचलपूर, मग अहमदनगर. निजामाच्या काळात औरंगाबाद आणि हैदराबाद. १८५३ नंतर वऱ्हाड इंग्रजांकडं आला तरी कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडूनच चाले. १९०३ पासून नागपूर. १९५६ पासून मुंबई, आणि त्यातही हिवाळ्यात थोडे दिवस नागपूर, कारण नागपूर करारानं ते ठरलेलं. मधल्या मध्ये बाशीम हा जिल्हा होता तो १९०५ मध्ये मोडला, आमचा भाग अकोल्यात गेला आणि पुसद यवतमाळात. १ जुलै १९९८ ला पुन्हा जिल्हा झाला. माझ्या आजोबांचा जन्म १९०५ च्या मोडामोडीच्या काळातला. त्यांनी एकदाही घर बदललं नाही. तरी त्यांच्या ट्रंकेतल्या कागदांवर सरकारं तीन तऱ्हेची आहेत.

राजधानी कशाला म्हणतात, हे मला वडिलांनी शिकवलं. भूगोलाच्या पुस्तकात लाल ठिपका होता तो मी त्यांना दाखवला, तर ते म्हणाले, "ज्या गावाले अर्ज घेऊन जा लागते ते राजधानी." त्यांची एक फाइल होती. गुलाबी पुठ्ठा, पांढरी नाडी. आमच्या शेताच्या वाटेवरच्या नाल्याला पावसात पूर यायचा आणि पलीकडची वस्ती दोन-दोन दिवस तुटायची. तिथं एक रपटा व्हावा, एवढाच अर्ज. वाशीमहून मीटरगेजच्या गाडीनं अकोला, तिथं रात्रभर फलाटावर, मग मुंबईची गाडी. परत आले की ते मुंबईबद्दल काही सांगायचे नाहीत. समुद्र पाहिला का विचारलं तर म्हणायचे, येता-जाता दिसला. चहा घेता घेता आईला मात्र हळूच सांगायचे, "अर्ज ठेवून घेतला. पाहतो म्हनाले."

ते अर्ज लिहायला बसायचे तेव्हा आधी कागदाच्या डाव्या बाजूला घडी घालायचे. चार बोटं जागा मोकळी सोडायची. मी विचारलं, एवढी जागा वाया का घालवता? तर म्हणाले, "साहेबाले शेरा लिहा लागते. जागा नसन तर कुठी लिहीन तो?" सगळा मजकूर उजवीकडं दाटीवाटीनं, आणि डावीकडं ती स्वच्छ पांढरी पट्टी. आमच्या घरात तेवढी मोकळी जागा दुसरी कशालाच मिळाली नसेल.

१९३९ मध्ये वाशीमला वाकाटकांचा एक ताम्रपट सापडला. दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षातला, वत्सगुल्माहून दिलेला. नांदेडच्या बाजूचं एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याचा तो लेख, अर्धा संस्कृतात, अर्धा प्राकृतात. राजाची वंशावळ सांगायची ती संस्कृतात, आणि प्रत्यक्ष कोणाला काय दिलं, काय माफ केलं ते लोकांना कळेल अशा भाषेत. वा. वि. मिराशींनी वाकाटकांच्या सगळ्या लेखांचं मोठं पुस्तक केलं, त्यात मी तो वाचला. म्हणजे वाचला तरी किती, बोट ठेवत ठेवत चाळला. वाकाटकांच्या ताम्रपटांची एक खूण आहे. मजकूर सुरू होण्याआधी माथ्यावर शब्द असतो, 'दृष्टम्'. पाहिले. लेख तपासला, नजरेखालून घातला, असा तो दप्तरातला शेरा, असं विद्वान सांगतात. राजा, त्याचे पूर्वज, त्यांनी केलेले यज्ञ, सगळं त्या शब्दानंतर येतं.

मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ काही सुचेना. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी या गावात कोणीतरी कारकून बसत होता. तळ्याच्या कुठल्या बाजूला त्याची बैठक असेल? त्याच्याकडं कुठकुठून माणसं येत असतील, नांदेडच्या बाजूनं, गोदावरीकाठून, धुळीनं भरलेल्या पायांनी? बाहेर बसून राहत असतील, भाकरी सोडून खात असतील, आणि तो आतून निरोप देत असेल, पाहतो म्हणून सांगा. तेव्हा ते वाशीमला राजधानी म्हणत असतील. आमच्या वडिलांच्या अर्थानं.

वाकाटकांच्या थोरल्या पातीतल्या दुसऱ्या प्रवरसेनानं तर जुनी राजधानी नंदिवर्धन सोडून नवीच वसवली आणि तिला आपलं नाव दिलं, प्रवरपूर. ती वर्ध्याजवळचं पवनार की रामटेकजवळचं मनसर, यावर अजून वाद आहेत. नवी राजधानी वसवायची हौस जुनीच म्हणायची. अशी एखादी पुरती हरवते आणि मग दोन गावं तिच्यासाठी भांडत राहतात.

कधी कधी मानोऱ्याच्या बाजूला जाणं होतं. पोहरादेवीला, बंजारा समाजाची काशी म्हणतात ती. सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे. रामनवमीला तिथं जी गर्दी लोटते, ती एका दिवसात वसलेली नगरी असते आणि दुसऱ्या दिवशी उठते. या लोकांचा तांडा म्हणजे चालतं गाव. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून फौजांच्या मागे जायचं. राजधानीहून निघालेल्या राजाला जेवू घालणारे हे, आणि स्वतःच्या गावाला नाव नायकाचं. नायक बदलला की गावाचं नाव बदललं. गांधीनगरच्या आखीव सेक्टरांत असताना मला तांडा का आठवत होता, ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित तिथल्या आखणीच्या आत राहून गेलेल्या जुन्या गावांमुळं असेल. इंद्रोडा, बोरीज. सरळ रस्त्यावरून आत वळलं की एकदम वाकडी गल्ली, ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या, म्हशी. त्यांना अक्षर दिलेलं नाही. ती आधीची आहेत. पुतण्या म्हणाला, दूध आम्ही बोरीजहूनच आणतो.

चंडीगडला याहून विलक्षण गोष्ट घडली. सेक्टरांसाठी जी खेडी पाडली, त्यांचा राडारोडा, फुटकी कौलं, मडकी, बांगड्या, एक रस्ते-निरीक्षक नेकचंद सायकलवरून नेऊन रानात लपवून ठेवत होता. १९५७ पासून कितीतरी वर्षं, कोणाला न सांगता. त्याचे त्यानं माणसांचे, जनावरांचे पुतळे केले. आता राजधानी पाहायला आलेले लोक आधी ते पाहतात. लाहोर हातचं गेलं म्हणून ती राजधानी बांधली होती. त्या खेड्यांचं काय गेलं, हे एका निरीक्षकानं मांडून ठेवलं.

आमच्या जिल्ह्यातूनही आता सरळ रेघ गेली आहे. नागपूरहून मुंबईला जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग कारंजा, मालेगावच्या शिवारातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला तेव्हा आम्ही पुलावर उभं राहून गाड्या पाहिल्या. एक राजधानी ते दुसरी राजधानी, मध्ये वळण नाही. त्याच्या कडेनं नवनगरं वसवायची असं ठरलं होतं, आराखडे निघाले होते. कारंज्याकडं जाताना एका सोयाबीनच्या वावरात मी मोजणीची लाल टोकाची खुंटी पाहिली होती. कशाची ते विचारलं तर शेतकरी म्हणाला, "काय मालूम बाप्पा, ते ठोकून गेले." खुंटीभोवती त्यानं पेरणी केली होती. तास तेवढ्यापुरता वाकडा काढला होता.

वडील जाऊन आता पंधरा वर्षं होतील. रपटा मध्यंतरी कधीतरी झाला. कोणत्या अर्जानं झाला ते कोणाला सांगता येणार नाही. त्यांची फाइल ट्रंकेत आहे, नाडी बांधलेली.

गेल्या आठवड्यात पुतण्याला तुरीची डाळ आणि आईच्या हातचं तिखट पाठवायचं होतं. पार्सल शिवलं, वर कापडावर मार्करनं पत्ता घातला. पोस्टातल्या बाईंनी वाचला.

"गल्ली?"

"गल्ली नाही."

"जवळची खूण?"

"घ-चार."

"घ म्हणजे?"

"घ म्हणजे घ. घराचा."

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पार्सल फिरवून वजनकाट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "पत्ता सगळा इकडं दाटून कशाला लिहिला काका? ह्या बाजूले एवढी जागा मोकळीच सोडली तुम्ही."